ते १७ सेकंद

एम. ए.च्या जनसंवाद वर्गाला मी दृश्यभाषा शिकवते. यंदा वर्गात एक मुलगा पूर्ण अंध आहे. त्याला पर्यायी प्रश्न द्या, चित्रफीत वगळा, असं वरून सुचवण्यात आलं. मला ते मुळीच पटलं नाही. जाहिरात आणि प्रचार त्याच्याही घरात शिरतात, तोही मत द्यायला जातो. चित्रं माणसाला कशी वळवतात हे त्यानं का शिकू नये? मग त्याच्यासाठी ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर दिसतं ते बोलून सांगणारा मजकूर, लिहायला मी स्वतःच बसले.

चित्रफीत होती अमेरिकन रॅपर चाइल्डिश गँबिनोच्या गाण्याची, ‘धिस इज अमेरिका’. मे २०१८ची, हिरो मुराईनं दिग्दर्शित केलेली, जेमतेम चार मिनिटांची. मला तीन रात्री लागल्या. या कामात गाण्याच्या शब्दांवर बोलायचं नसतं, मोकळ्या जागा शोधायच्या असतात. आणि दिसेल तेवढंच सांगायचं, अर्थ लावायचा नाही. ‘निर्दयपणे गोळी घालतो’ हे माझं मत झालं. ‘गँबिनो कमरेचं पिस्तूल काढतो, खुर्चीवरच्या गिटारवाल्याच्या डोक्याला आता पोतं आहे, मागून गोळी झाडतो’ हे वर्णन. हे वाक्य गोळीच्या आवाजाआधी अर्धा श्वास संपायला हवं. ते बसलं तेव्हा मला खरंच आनंद झाला.

वर्गात चित्रफीत लावून मी वर्णन वाचलं. संपल्यावर तो म्हणाला, “मॅडम, त्या गिटारवाल्याचं पुढे काय झालं?”

मी थबकले. गोळी सुटल्यावर एक शाळकरी मुलगा लाल कापड घेऊन येतो आणि पिस्तूल त्या कापडावर अलगद ठेवलं जातं. तेवढ्यातच प्रेत जमिनीवरून ओढून नेलं जातं. जागा एकाच वाक्याची होती आणि मी कापड निवडलं होतं. बाकीच्या मुलांना विचारलं. त्यांनी चित्रफीत दोनदा पाहिली होती. प्रेत कुठे गेलं हे तिघांनाच सांगता आलं. शेवटाकडे जुन्या मोटारींच्या त्या दृश्यात तोच माणूस डोक्यावरच्या पोत्यासकट पुन्हा गिटार वाजवताना दिसतो, हे एकालाही नाही. माझ्या वर्णनातही ते नव्हतं.

या चित्रफितीची सगळी ताकद इथेच आहे. पुढे गणवेशातली मुलं गँबिनोसोबत नाचतात, कॅमेरा त्यांना सोडत नाही. मागे माणसं सैरावैरा पळतात, पांढऱ्या घोड्यावरून कुणी निघून जातं. पाहणाऱ्याची नजर पुढेच राहते. माझी लेखणीही पुढेच राहिली, आणि मी हेच शिकवते.

आमच्या प्रश्नपत्रिका मात्र ‘प्रतीके स्पष्ट करा’ इतकंच विचारतात. गोळी झाडतानाची गँबिनोची वाकडी ढब जिम क्रो या कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या पात्राच्या जुन्या चित्रांसारखी, चर्चगीत गाणाऱ्यांवरचा गोळीबार म्हणजे २०१५चं चार्ल्स्टनच्या चर्चमधलं हत्याकांड. मुलं हे नेटवरून उतरवतात आणि पूर्ण गुण घेतात. कॅमेरा कुठे होता, हे कुणी लिहीत नाही, आणि तपासणाऱ्यांनाही ते नको असतं. याचा मला मनापासून राग येतो.

त्या मुलाचा दुसरा प्रश्न जास्त लागला. “मध्ये तुम्ही बराच वेळ सलग बोललात. तिथे संगीत नव्हतं का?”

नव्हतं. गँबिनो रिकाम्या हातानं बंदूक रोखल्यासारखा उभा राहतो, मुलं पळतात आणि सुमारे १७ सेकंद गाणं थांबतं. चार मिनिटांतली सगळ्यात मोठी मोकळी जागा तीच, म्हणून मागचं जे जे कुठे मावलं नव्हतं ते सगळं मी तिथे भरलं होतं. ज्या शांततेनं बाकीचा वर्ग हलला होता, ती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. माझ्या आवाजाखाली गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिथलं सगळं खोडलं, फक्त ‘गाणं थांबतं’ एवढं ठेवलं. तो म्हणाला, “तेही नको, मॅडम. मला कळेल.”

पुन्हा लावलं. मी काही बोलले नाही. तो मान किंचित वाकडी करून, बाकावर बोटं टेकवून बसला होता. गाणं थांबलं तशी बोटं थांबली.

प्रेत आणि कापड आता एका वाक्यात आणलंय, गिटारवाल्याचं परतणंही बसवलंय. घोडा अजून कुठेच बसत नाही.