पातळ बर्फ आणि पाझर तलाव

‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ हे पाच शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याचा हिशोब नाही. शाळा सुटून तीन वर्षं झाली, पण संध्याकाळी ओसरीवर दहावीची आठ-दहा पोरं येऊन बसतात, त्यामुळे हे शब्दही काही सुटले नाहीत. गाव माण तालुक्यातलं. बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा, नाहीतर लग्नात पाण्याच्या पिंपात टाकायची लादी.

अशा पोरांपुढे गेल्या आठवड्यात इंग्रजी वाक्प्रचार आला, ‘टू स्केट ऑन थिन आइस’. गाइडात अर्थ दिलेला, ‘धोकादायक परिस्थितीत असणे’. तेवढ्या भांडवलावर वह्या भरल्या. एकाचा राम बर्फावर स्केटिंग करताना पडला आणि पाय मोडून बसला. दुसऱ्याने पाटीच लावली, ‘डोन्ट स्केट ऑन थिन आइस इन समर’. यात चूक काढायची तरी कुठली! मी हसले आणि पुढची वही घेतली.

पुढच्या वहीत होतं, ‘द फार्मर इज स्केटिंग ऑन थिन आइस बिकॉज देअर इज नो रेन.’

व्याकरण चोख. गाइडातला अर्थ तंतोतंत बसलेला. तरी माझं लाल पेन अडलं. मी अर्धा गुण कापला. ती पोर हुशार आणि तोंडाने तिखट, तिने लगेच विचारलं, “मॅडम, अर्धा का कापला? पाऊस नसला तर धोका नाही का?”

आहे गं बाई. तुझ्या-माझ्या गावाइतका तो कुणाला ठाऊक असणार? पण या वाक्प्रचारातला धोका तो नव्हे, हे मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. तीस वर्षं शिकवून ही गत.

रात्री बसून वाचलं. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एक तळं आहे. जानेवारी १८६७ मध्ये ते गोठलं होतं. १४ तारखेला बर्फ फुटून २१ जण पाण्यात पडले, सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, त्याच तळ्यावर लोक पुन्हा स्केटिंगला उतरले. बर्फ पुन्हा फुटला. या वेळी जवळपास २०० जण पाण्यात गेले आणि ४० मेले. पुढे त्या तळ्याची खोली कमी करण्यात आली.

मला त्या चाळीसांपेक्षा आदल्या दिवशीचे एकवीस जण जास्त छळत राहिले. ते ओले होऊन घरी गेले असतील, शेकोटीपाशी बसून सगळं सांगितलं असेल. आणि तरीही सकाळी तळं भरलं.

दुसऱ्या दिवशी पोरांना हे सांगितलं. जोडीला नेदरलँड्सची गोष्ट सांगितली. तिथल्या फ्रीसलंड भागात गोठलेल्या कालव्यांवरून अकरा गावं जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत असते. पण वाटेत सगळीकडे १५ सेंटीमीटर जाड बर्फ झाल्याशिवाय ती होत नाही. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. त्यानंतर तेवढा बर्फ धरलाच नाही, म्हणून शर्यतही नाही. १५ सेंटीमीटर म्हणजे किती, असं विचारल्यावर कंपासमधल्या पट्ट्या बाहेर आल्या. पट्टी उभी धरून पोरं बराच वेळ बघत होती. एवढ्या जाडीवर हजारो माणसं पळणार, हे त्यांना काही पटेना.

मग मराठीत काय म्हणायचं, यावर ओसरीवर रण माजलं. ‘तारेवरची कसरत’ आधी आली. पण डोंबाऱ्याची पोरगी तारेवर तिच्या कसबावर उभी असते. बर्फाला तुमच्या कसबाचं काय? ‘आगीतून फुफाट्यात’ तर वेगळंच, त्यात माणूस जीव वाचवायला धावलेला असतो. ‘टांगती तलवार’ एकीला फार आवडली. ती मूळची आपली नव्हे, ग्रीक गोष्टीतून आलेली. सिराक्यूजच्या राजाने डॅमोक्लीसच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने टांगलेली. पण आता ती कुणाला परकी वाटत नाही. तिथंही तलवार वरून लटकते, माणूस खाली बसलेला. ‘विस्तवाशी खेळ’ त्यातल्या त्यात जवळचा. पण विस्तव भाजतो म्हणून आधीच कळतं. बर्फ वरून चांगला पांढराशुभ्र, टणक दिसतो. लबाडी तिथंच आहे.

मागे भिंतीला टेकून बसणारा, मेंढरं राखून क्लासला येणारा एक पोरगा कधी बोलत नाही. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या तळ्यागत.”

“कसं रे?”

“उन्हाळ्यात पाणी आटलं की वरनं वाळल्यालं दिसतंय. भेगा बी पडत्यात. पण खाली नुसता रेंदा असतोय. म्हसरू गेलं की रुतलंच.”

ओसरी गप्प झाली. ते तळं सगळ्यांना ठाऊक. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी पाट्या वाहून बांधलेला पाझर तलाव, आता निम्मा गाळाने भरलेला. एप्रिल-मेमध्ये कडेला पाय ठेवला तर घट्ट लागतो. दहा पावलं आत गेलं की साय फाटावी तशी खपली फाटते. आमच्याकडे याचा वाक्प्रचार कुणी केला नाही याचंच मला नवल वाटतं. आयाबाया पोरांना नुसतं ‘तिकडं जाऊ नगंस’ एवढंच सांगतात.

त्या तिखट पोरीला मी म्हटलं, आता तूच सांग, तुझा शेतकरी या खपलीवर चालत गेला होता का? ती म्हणाली, “नाही, तो बांधावरच उभा होता. पाऊसच आला नाही.” मग स्वतःच वही ओढून तिने वाक्य खोडलं. मी म्हटलं, खोडू नकोस, शेतकऱ्यासाठी दुसरा वाक्प्रचार शोध. तो अजून सापडलेला नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

घरात यांनी खिडकीतून सगळं ऐकलेलं. जेवताना गुळाच्या पोळीकडे हात गेला तेव्हा मी नुसतं म्हटलं, “अहो, थिन आइस.” साखरेचा रिपोर्ट मागच्याच महिन्यात आलाय. त्यांनी अर्धी पोळी ठेवली, अर्धी खाल्ली. म्हणजे माझ्यासारखाच अर्धा गुण.

शनिवारी मेंढरंवाल्या पोराची वही आली. त्याने तीन वाक्यं लिहिली होती. मराठीत सांगायचं तर, काल माझा चुलता तळ्यात गुडघ्याएवढा रुतला होता. आज मोटरीचा पाइप टाकायला तो पुन्हा मधूनच गेला, कारण कडेची वाट लांब पडते. मागोमाग म्हैसही गेली. आणि खाली इंग्रजीत, ‘माय अंकल वॉज स्केटिंग ऑन थिन आइस. द बफेलो वॉज नॉट.’

पूर्ण गुण दिले. स्केटिंगमध्ये एक टी जास्त पडला होता, तो तेवढा खोडला. चुलता आणि म्हैस दोन्ही सुखरूप बाहेर निघाले का, हे मात्र मी आधी त्याला विचारून घेतलं. निघाले. म्हशीला दोर लावावा लागला.