आईच्या पेन्शनसाठी हायकोर्टात रिट याचिका टाकली त्याचा अनुभव

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती, ३३ वर्षं नोकरी. रिटायर झाल्यावर पेन्शनचं प्रकरण अडकलं ते वेतन पडताळणीत. आक्षेप असा की वरिष्ठ वेतनश्रेणी देताना फिक्सेशन, म्हणजे पगार ठरवणं, चुकलं, जादा पगार गेला, २ लाख ८४ हजार ग्रॅच्युइटीतून वसूल करा आणि तोवर पेन्शनची फाईल तशीच. आता फिक्सेशन काय आईने केलं होतं का, ते ऑफिसनंच केलेलं, सह्या त्यांच्याच. पण वसुलीचं पत्र आल्यावर आई दोन दिवस नीट जेवली नाही, म्हणे लोकांना वाटेल बाईंनी पैसे खाल्ले. मला पैशापेक्षा त्याचा जास्त राग आला.

१४ महिने चकरा मारल्या मग संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात एक वकील गाठले. त्यांचा पहिलाच प्रश्न, लेखी अर्ज दिलाय का, पोच आहे का? आमच्याकडं एकही नव्हती, सगळं तोंडी. ते म्हणाले परमादेश म्हणजे मॅन्डॅमस (अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा कोर्टाचा आदेश) मागायचा तर अधिकाऱ्याचं ते कायदेशीर कर्तव्य आहे हे दाखवावं लागतं आणि आपण ते मागितलं तरी त्याने केलं नाही हेही दाखवावं लागतं. मग आधी सविस्तर अर्ज केला, आवकचा शिक्का घेतला, महिनाभर थांबलो, उत्तर नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

मामा म्हणत होते मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जा. पण मॅट राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी, जिल्हा परिषदेचे लोक त्यात येत नाहीत, त्यामुळं थेट हायकोर्ट, राज्यघटनेचं कलम २२६.

मागण्या दोन. वसुलीचं पत्र रद्द करून वसुलीला मनाई करा, आणि पेन्शन ग्रॅच्युइटी व्याजासकट द्यायचे आदेश द्या. आधार सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल. वर्ग ३ आणि ४ चे कर्मचारी, रिटायर झालेले किंवा वर्षात होणारे, आणि ५ वर्षांपेक्षा जास्त काळ दिलेला जादा पगार, अशांकडून वसुली नको असं त्यात आहे. आई तिन्हीत बसत होती.

भीती एकाच गोष्टीची होती, हमीपत्र. जादा पैसे निघाले तर परत करीन असं लिहून दिलेलं असेल तर २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार समोरचे घेतात. म्हणून माहिती अधिकारात सेवापुस्तकाची पूर्ण नक्कल काढली, पान न् पान बघितलं. हमीपत्र निघालं पण ते सहाव्या वेतन आयोगाच्या फिक्सेशनचं, वरिष्ठ श्रेणीचं नाही. तुमच्याही केसमध्ये हे आधी तपासा, वकिलाला नंतर कळण्यात अर्थ नाही.

फाईल केल्यावर आधी स्टॅम्प नंबर (तात्पुरता क्रमांक) मिळतो, मग कागदपत्रांवर ऑब्जेक्शन निघतात. आमचा एक जुना आदेश पुसट होता, त्याची टाईप केलेली प्रत जोडावी लागली. मग रिटचा नंबर, आणि रोज रात्री बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचं. पहिल्या तारखेला नोटीस निघाली आणि वसुलीला स्थगिती मिळाली, त्या रात्री आई शांत झोपली. नंतर उत्तरासाठी दोनदा वेळ मागितला गेला. शेवटची सुनावणी जेमतेम ५ मिनिटं, हमीपत्राचा मुद्दा निघालाच, वकिलांनी तेच पान दाखवलं. वसुली रद्द, पेन्शन ८ आठवड्यात द्या.

८ आठवडे संपले तरी हालचाल नाही. मग वकिलांची अवमानाची नोटीस गेली (अवमान याचिकेला मुदत १ वर्षाची असते, लक्षात ठेवा) आणि १९ दिवसात पेन्शनचा आदेश आईच्या हातात. तिने तो वाचायच्या आधी कोर्टाच्या निकालातलं "वसुली रद्द" हे वाक्य पुन्हा एकदा मला वाचायला लावलं.

व्याज अजून आलेलं नाही. त्याचा अर्ज परवाच दिला, पोच घेतलीय.