रॅम ठणठणीत, तरी डबा उठेना: शेवटी छडा लागला

काल रात्री पावणेबाराला उत्तर सापडलं. नऊ रात्री ज्या जुन्या कॉम्प्युटरला, म्हणजे माझ्या डब्याला, नवी रॅम चालवत नाही म्हणून मी दोष देत होतो, तो पहिल्या दिवसापासून निर्दोष होता. आज सकाळी सगळ्यात आधी त्याच्यावरची धूळ पुसली.

मागच्या वेळी इथवर आलो होतो: पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेचार हजारांना उचललेला ऑफिसचा स्लिम डबा, इंटेलचा आय५-३४७० प्रोसेसर, क्यू७७ चिपसेटचा बोर्ड, रॅमच्या २-२ जीबीच्या दोन स्टिक आणि कण्हणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यातलं बरंच मार्गी लागलंय. हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची साटा एसएसडी आली. तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं, कारण विंडोज ११ इंटेलची आठवी पिढी मागतं आणि आपली आहे तिसरी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली, तर लोडवरचं तापमान ८४ अंशांवरून थेट ६१ वर आलं. पंख्याचा आवाज आता शेजारच्या खोलीत जात नाही. पेस्टमध्ये पैसे वाचवू नका. दहा-वीस रुपयांची पांढरी ट्यूब वर्षभरात सुकते, चांगली करडी पेस्ट पाच-सहा मशीनना पुरते.

राहिली होती रॅम. हा डबा भाच्यासाठी आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) दोन मशीन एकदम चालवायची असतात. ४ जीबीत ते होत नाही. म्हणून ८ जीबीच्या दोन डीडीआर३ (या डब्याला लागणारा रॅमचा प्रकार) स्टिक घेतल्या, १६०० च्या वेगाच्या. बाकी दुकानांत एकीला हजार-अकराशे सांगत होते, एका ठिकाणी साडेसहाशेला मिळाल्या. दुकानदाराला विचारलं, इंटेलच्या बोर्डवर चालतील ना? तो म्हणाला, "काका, डेस्कटॉपचीच रॅम आहे, न चालायला काय झालं?"

घरी आलो, लावल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी, बटणाचा दिवा नारिंगी लुकलुकतोय. एक काढली, तेच. दुसरी काढून पहिली लावली, तेच. चारही स्लॉट फिरून झाले. जुनी २ जीबीची परत लावली की डबा लगेच उठतो. जुनी एक आणि नवी एक लावली, पुन्हा काळोख.

मग सुरू झाली नेहमीची वारी. स्टिकचे सोनेरी पाय खोडरबरने घासले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, सीमॉस (बोर्डची जपून ठेवलेली सेटिंग) रिसेट केला. बायोस (डबा सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) शेवटच्या आवृत्तीपर्यंत नेला आणि त्या पाच मिनिटांत वीज जाऊ नये म्हणून देव आठवले. फरक शून्य.

चौथ्या रात्री शंका आली सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेची. मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे सॉकेटच्या ११५५ पिनांपैकी एखादी जरी वाकली तरी रॅमचा अख्खा चॅनल (प्रोसेसर ते रॅम हा रस्ता) जाऊ शकतो. प्रोसेसर उचलला. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून, भिंगातून एकेक ओळ पाहत गेलो. कोपऱ्याजवळ एक पिन बाकीच्यांच्या रांगेतून जराशी कललेली दिसली! ०.५ च्या पेनपेन्सिलमधलं शिसं काढलं, तिचं रिकामं टोक पिनेवर चढवलं आणि श्वास धरून केसभर सरळ केली. पिन तुटली असती तर बोर्ड गेला असता. न तुटता ती रांगेत आली, तेव्हाचं समाधान अजून बोटांत आहे. पेनपेन्सिलच्या या युक्तीला तोड नाही, चिमट्याने हे करू नका. पण नवी रॅम तरीही उठली नाही.

इथे थांबून विचार करायला हवा होता. जुन्या स्टिक चारही स्लॉटमध्ये आधीपासून चालत होत्या, म्हणजे दोन्ही चॅनल शाबूत होते.

कोंडी फुटली ती वरच्या मजल्यावरच्या काकांमुळे. त्यांच्या मशीनमध्ये एएमडीचा (इंटेलची स्पर्धक कंपनी) एफएक्स-६३०० प्रोसेसर आहे, तोही डीडीआर३ वाला. फोटो जोडून मोठे पॅनोरामा बनवायचा त्यांना नाद आहे. म्हणाले, "आण इकडे, माझ्या मशीनला लावून बघू." लावल्या. पहिल्या फटक्यात १६ जीबी! रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ चालवलं (६.०० पासूनचंच घ्या, २०२२ पासून ते यूईएफआयवर, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसवर, नीट चालतं), सकाळी एकही एरर नाही. म्हणजे रॅम ठणठणीत, डबा ठणठणीत, आणि दोघांचं जमत नाही. बंद पडलेल्या वस्तूनेही माझी इतकी चिडचिड कधी केली नव्हती.

काल काकांच्याच मशीनवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवून डिकोड-डिम्स चालवलं. स्टिकवरच्या एसपीडी चिपमध्ये तिची कुंडली असते, ती हे वाचून दाखवतं. रँक (एकदम काम करणारा चिपांचा गट) १, चिपची रुंदी (एका वेळी ती देते तेवढे बिट) ४ बिट. कच्चा डेटा काढला, रँक आणि रुंदी सांगणारा ७ क्रमांकाचा बाइट ००. मग काकांची मूळची ४ जीबीची स्टिक वाचली, तोच बाइट ०१: रँक एकच, पण चिप ८ बिटची. भिंग घेतलं आणि नव्या स्टिकच्या चिपवरचा नंबर वाचला: के४बी४जी०४४६. तो ०४ म्हणजे बाय-४, अर्थात ४ बिटची चिप. बाय-८ असती तर तिथे ०८ असतं.

गोम अशी. आपल्या रॅमचा रस्ता ६४ बिटचा. नेहमीच्या ८ जीबी स्टिकवर ४ गिगाबिटच्या १६ चिप असतात, प्रत्येक ८ बिटची, म्हणून आठ-आठच्या दोन रँक होतात. माझ्या स्टिकवरही १६ चिपच आहेत, पण प्रत्येक ४ बिटची, म्हणून सोळाही मिळून एकच रँक. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी, चिपा मोजून काही कळत नाही. बाय-४ चिपा मुळात सर्व्हरच्या रजिस्टर्ड रॅममध्ये जातात. इंटेलचा डेस्कटॉप कंट्रोलर फक्त बाय-८ आणि बाय-१६ ओळखतो, एएमडीचे त्या काळातले कंट्रोलर बाय-४ ही चालवून घेतात. ऑनलाइन कुठेकुठे "फक्त एएमडीसाठी" असं लिहून विकतात, ते हेच. तसं लिहून विकण्यात काही गैर नाही, न सांगता विकण्यात आहे. डीडीआर३ घ्यायला जाताना भिंग खिशात ठेवा. लेबलवर २आर बाय ८ (दोन रँक, ८ बिटच्या चिप) असेल तर घ्या, लेबल नसेल तर चिपचा नंबर वाचा.

आता पुढे काय? उद्या दुकानात परत करायला जायचं असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण वर काकांच्या स्टिकबद्दल लिहिताना लक्षात आलं: त्यांच्याकडे ४-४ जीबीच्या दोन आहेत, दोन्ही बाय-८. त्यांना पॅनोरामासाठी १६ हवेच असतात. माझ्या दोन त्यांच्याकडे जातील, त्यांच्या दोन माझ्याकडे येतील!

लेखन अर्धवट टाकून वर जाऊन आलो. काका लगेच तयार झाले, वरचे पाचशे रुपयेही हातात ठेवले. आता डब्यात दोन्ही चॅनलवर ४ आणि २, असे १२ जीबी आहेत. २ जीबीच्या स्टिक १३३३ च्या असल्याने सगळ्या १३३३ वरच धावतायत. म्हणजे २५.६ ऐवजी २१.३ जीबी दर सेकंदाला, भाच्याच्या कामाला ते पुरे. रविवारी जुन्या बाजारात ४ च्या आणखी दोन बाय-८ मिळाल्या की २ च्या निवृत्त होतील. त्या पाचशेत लो-प्रोफाइल (स्लिम डब्यात बसणाऱ्या बुटक्या) ग्राफिक्स कार्डासाठी जपून ठेवलेल्या पैशांची भर घालून जीटी १०३० घ्यावं का, हाही विचार आत्ताच आला. ते ३० वॉटचं आहे, या डब्याच्या २४० वॉटच्या सप्लायला सहज पेलेल.

मेमटेस्टचा दुसरा फेरा चालू आहे. एरर शून्य, बटणाचा दिवा पांढरा.