तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी लक्झरी एसयूव्ही काढून नवं मॉडेल घ्यावं का?

केळीचं पेमेंट हातात आलं की आमच्याकडे दोनच विषय निघतात, जमीन नाहीतर गाडी, आणि गाडीचा निघाला की फोन मला येतो, कारण माझ्याकडे 2017 ची जर्मन डिझेल एसयूव्ही आहे, सेकंडहँडच घेतलेली आणि जळगावात राहून इतकी वर्षं सांभाळलेली. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "दादा, माझीपण 16-17 चीच आहे, 2021-22 ची सेकंडहँड चांगल्या भावात मिळतेय, बदलून टाकू का?" रावेर, चोपडा, शिरपूर, सगळीकडून हेच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या गाडीचा सगळा इतिहास तुम्हाला माहीत असेल आणि इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत असेल, तर नुसतं वर्ष नवीन आहे म्हणून बदलू नका. पुण्या-मुंबईचा हिशोब वेगळा, तिथे वर्कशॉप चार-पाच किलोमीटरवर असतं. आपल्याला या गाड्यांसाठी नाशिक, संभाजीनगर, नाहीतर इंदूर-सुरत गाठावं लागतं. जळगावहून संभाजीनगर दीडशेच्या वर किलोमीटर, मध्ये अजिंठ्याचा घाट. इंजिनची लाईट लागली आणि गाडी वेगच घेईना की गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, दिवस घालवा, पार्ट यायची वाट बघा. हे सगळं नव्या मॉडेललापण लागू आहे, उलट जास्तच लागू आहे कारण त्यात सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स जास्त आणि लोकल मेकॅनिककडे त्याचं स्कॅनर असेलच असं नाही.

आता पैशाचं. समजा तुमची 20 लाखाला जातेय आणि नवी 38 ला मिळतेय, तर सगळे म्हणतात फरक 18 चा आहे. भो, फरक 18 चा नाहीये. त्यातले 10 लाख लोन काढलं, चार वर्षं, 12 टक्के, तर व्याजच अडीच लाखांच्या वर जातं. मग इन्शुरन्स, ट्रान्सफर, आणि गाडी घरी आल्यावर पहिल्याच वर्षी चार टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, सगळी ऑइलं, कारण आधीच्या मालकाने गाडी विकायचं ठरवल्यावर त्यावर खर्च कशाला केला असेल? आणि एवढं करून हातात काय आलं, तर जिच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही अशी गाडी. या सगळ्या पैशांतले पाच-सहा लाखच तुमच्या ओळखीच्या गाडीत घातले तर बहुतेक वेळा ती आरामात पुढची काही वर्षं काढते.

गिअरबॉक्सचंच घ्या. बऱ्याच जणांना सांगितलेलं असतं की ऑटोमॅटिकचं ऑइल आयुष्यभराचं आहे, बदलायचं नसतं. पण बऱ्याच जर्मन गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. आणि आपलं ऊन! मे महिन्यात भुसावळ-जळगाव 45 च्या पुढे जातं, त्यात रबर, कूलंटचे प्लास्टिक पाईप, बॅटरी, एसी सगळ्यांचं वय लवकर होतं. एअर सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबराच्या बॅगा असतात, त्या चिरल्या की सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते आणि बिल लाखात जातं. म्हणून मी विचारणाऱ्याला पहिलं हेच विचारतो की स्प्रिंग आहे का एअर. स्प्रिंगवाली मिळत असेल तर आपल्या रस्त्यांना तीच बरी.

डिझेलवाल्यांनी अजून एक बघा. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस6 आलं, तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतोच, आणि लक्झरी गाड्यांत बहुतेक ॲडब्लूपण, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव. हा फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला एकसारख्या वेगात पळावी लागते. तुमचं रनिंग घर ते मळा, मळा ते मार्केट यार्ड एवढंच असेल तर तो चोंदतो. मग पेट्रोल घ्या म्हणाल, तर ऑडीने बीएस6 पासून आपल्याकडे डिझेल बंदच केलं, इलेक्ट्रिक सोडल्या तर त्या सगळ्या पेट्रोल आहेत, पण पंपावर आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते प्रत्येक गाडीला चालेलच असं नाही. म्हणून टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पेट्रोलचा सौदा करू नका.

भावाबद्दल सांगायचं तर आता जुने अंदाज सगळे बदललेत. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवरचा टॅक्स सेस धरून 50 टक्के होता तो 40 वर आला, नवी गाडी स्वस्त झाली, म्हणजे जुनीचा भावपण खाली यायला पाहिजे. विकणारा आधीचाच भाव सांगत असेल तर तिथेच बोला. आणि एक गैरसमज आहे, सेकंडहँडवर 18 टक्के जीएसटी लागतो म्हणून. तो डीलरच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही, आणि तुम्ही तुमची घरची गाडी दुसऱ्याला विकली तर लागतच नाही.

कागदांवर मी सगळ्यात जास्त जोर देतो. सुरत जवळ, म्हणून गुजरात पासिंगच्या गाड्या नवापूरमार्गे खूप येतात, दिल्लीच्यापण येतात, कारण तिथे 10 वर्षं झालेल्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार आहे. दिसायला स्वस्त, पण बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणजे एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा, मग कुठे एमएच 19 नाहीतर 18 नंबर. हे धरून हिशोब करा. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा, सातबारा बघता तसाच. अधिकृत वर्कशॉपमधून चॅसिस नंबरवर सर्व्हिस रेकॉर्ड काढायला लावा. टायरवर चार आकडे असतात, 3221 म्हणजे 2021 सालचा 32 वा आठवडा, गाडी 30 हजार किलोमीटरच फिरली म्हणतात आणि चारही टायर बदललेले असतील तर प्रश्न विचारा. मीटर मागे फिरवता येतं, पण किलोमीटरची नोंद गाडीच्या बाकीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्येही राहते, चांगला माणूस स्कॅनर लावून ताडून बघतो. त्याचे हजार-दोन हजार देताना हात आखडू नका. घेतल्यावर इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करायला द्या, आणि जुनी गाडी विकलेल्याने स्वतःचा नो क्लेम बोनस सोबत घ्यावा, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो.

मग मी कुणालाच हो म्हणत नाही का? म्हणतो ना. फैजपूरच्या माझ्या मेव्हण्यांना मीच म्हटलं घ्या म्हणून. त्यांचं दर आठवड्याला मुंबई असतं, रात्रीचं ड्रायव्हिंग, म्हणजे डीपीएफची चिंता नाही, आणि नाशिक वाटेतच लागतं. त्यांच्या जुन्या गाडीला इंजिनचं मोठं काम निघालं होतं. त्यांनी कंपनीच्याच युज्ड कार शोरूममधून घेतली, वॉरंटीसकट, बाहेरच्यापेक्षा पैसे जास्त गेले पण आपल्यासारख्या लांबच्या माणसाला ती वॉरंटी फार मोलाची आहे.

माझी कधी बदलणार तेही विचारता, तर सांगतो. लेक आता गाडी चालवते, पुण्याहून कधी कधी एकटी येते, आणि आपल्या हायवेवर रात्री मागचे लाईट नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे. नव्या मॉडेलमधले चांगले हेडलाईट आणि समोर काही आलं की आपोआप लागणारा ब्रेक, एवढ्या दोन गोष्टींसाठी मी पैसे मोजायला तयार आहे, मोठ्या स्क्रीनसाठी आणि सनरूफसाठी नाही. अट एवढीच की महाराष्ट्र पासिंग, एक मालक, स्प्रिंगवालं सस्पेन्शन आणि वॉरंटी शिल्लक. अशी कुणाच्या बघण्यात आली तर मला कळवा, घाई नाहीये, माझी मस्त चालू आहे.