चन्नम्मा चौकात उभं राहायला जागा नाही

बेळगावात पत्ता सांगायचा म्हटलं की निम्मी माणसं चन्नम्मा चौकापासून सुरुवात करतात. सगळ्या गावाला वाट दाखवणाऱ्या त्या चौकात कित्तूरची राणी चन्नम्मा हातात तलवार घेऊन घोड्यावर बसली आहे. पण तिला नीट बघायचं तर पाय टेकायला जागा मिळत नाही, आणि याचा मला मनापासून राग आला.

घोड्यावरचा पुतळा नुसता समोरून कळत नाही. घोड्याची मान कशी वळवली आहे, स्वाराची पाठ कशी बसली आहे, लगाम कसा धरलाय, हे बाजूने आणि मागून फिरल्याशिवाय दिसत नाही. म्हणून गणपतीच्या देवळापासून निघाले. दहा पावलांवर रिक्षा अंगावर आली. पुढे फुटपाथभर लावलेल्या दुचाक्या. एका बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, तो नेमका घोड्याच्या आड. चौथऱ्यावर काय कोरलंय ते रस्त्याच्या कडेवरून वाचता येईना. दोनदा हॉर्न खाल्ले, एका मोटारवाल्याने काच खाली करून बोलूनही घेतलं.

मामी सोबत होती. "काय बघालीस एवढं? आम्ही रोज बघतो की तिला," ती म्हणाली. तिचा जन्म बेळगावातल्याच शहापुरात गेलाय. मी विचारलं, घोडा उभा आहे की धावतोय? मामी थांबली, विचार केला आणि म्हणाली, "ते काय की बाई."

यात मामीचा दोष नाही. वर्षानुवर्षं जिच्या बाजूने आपण बाजारहाटाला जातो, ती बाई कोण होती हे आठवायला एक मिनिट उभं राहता आलं पाहिजे. दत्तक वारस कंपनी सरकारने नाकारला म्हणून ही राणी लढायला उभी राहिली. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढे कित्तूर पडलं आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत तिचा अंत झाला. एवढं सगळं त्या पुतळ्यात आहे, आणि आपण सिग्नलचे आकडे मोजत बसतो.

पुढचे दिवस पाहुणचारात गेले. कुंदा इतका खाल्ला की आता महिनाभर नाव काढणार नाही. एक दिवस येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन आलो. मार्च २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा तिथे आहे. जागा भरपूर आणि मागे मोकळं आभाळ, पुतळ्याला हवं ते सगळं. पण रविवार होता, त्यामुळे ज्याची त्याची पाठ महाराजांकडे आणि तोंड मोबाईलकडे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत मात्र जीव निवला. १२०४ मध्ये रट्ट राजांचा मंत्री बिचिराज याने बांधलेलं ते जैन मंदिर. छताला कोरलेलं दगडी कमळ आहे, त्याच्या बरोबर खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितलं तरी कुणी हटकत नाही.

नंदगडला खानापूरहून एसटीने गेले. बस खच्चून भरलेली, खिडकीचं दार अडकलेलं, तरी गेले ते बरं झालं. चन्नम्माच्या पश्चात लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी इथेच जवळ फाशी दिलं. त्याच्या समाधीवर साथीदाराने लावलेल्या रोपाचाच हा वड झाला, असं सांगतात. मग त्याच्या गावी, संगोळ्ळीला गेले. तिथल्या लहानशा देवळात रायण्णाची मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना व्यायामाची दोन लाकडी वजनं. त्यांतलं एक खुद्द त्याच्या वापरातलं, असं मानतात. मी त्या लाकडापासून हातभर अंतरावर बसले. धरायची जागा बघितली, लाकडाचा रंग बघितला, हे उचलणाऱ्याचे खांदे केवढे असतील ते मनात आणलं. चौकातल्या राणीच्या बाबतीत मला हेच करायचं होतं.

बाहेर एक बाई झाडत होत्या. "लांबनं आलासा काय? बसा की निवांत, घाई कशाला?" म्हणाल्या आणि घरून चहा घेऊन आल्या. ओळख ना पाळख. शहरातल्या एकाही पुतळ्यापाशी मला "बसा" म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

चन्नम्मा चौकात रस्त्याच्या कडेला चार माणसं टेकतील एवढा कट्टा बांधायला काय हरकत आहे? शेजारी कन्नड आणि मराठीत वाचता येईल अशी पाटी लावा. राणी कोण, लढाई कुठली, पुतळा कुणी घडवला, कधी बसवला, एवढंच त्यावर लिहा. आणि ते वाढदिवसाचे फ्लेक्स तेवढे आजच उतरवा.