आईच्या कपड्यांची दोरी आणि माझं कारलं

मांडव घालायचा म्हणून मी हौसेने पीव्हीसी पाईपचा स्टँड केला, एल्बो लावून, सोल्युशन मारून, अख्खा रविवार गेला त्यात. भांडुपला आमची बाल्कनी म्हणजे खरं तर बाहेर काढलेलं ग्रिलच, त्यात वॉशिंग मशीन, आईच्या कपड्यांच्या दोऱ्या, आणि उरलेल्या कोपऱ्यात रंगाच्या बादलीत माझं कारलं. मे संपताना बिया रात्रभर भिजवून लावलेल्या, पाऊस सुरू झाला तसा वेल सुटलाच.

पण पाईपला काही धरेना. मी रोज वर टेकवून ठेवायचो आणि संध्याकाळी ऑफिसातून यावं तर हा लोळतोय खाली. आणि एक दिवस बघतो तर स्टँड सोडून आडवा गेलाय आणि आईच्या नायलॉनच्या दोरीला चार वेटोळे मारून बसलाय, सोबत बाबांच्या बनियनची पट्टीपण धरलेली!

मग डोक्यात प्रकाश पडला. कारल्याचा ताणा, म्हणजे आधार धरायला वेलाला फुटतो तो तंतू, दोऱ्याएवढा बारीक, तो जाड आणि गुळगुळीत पाईपला विळखा घालणार कसा? त्याला सुतळी, तार, काटकी असलं बारीकच लागतं. एकदा पकड बसली की ताणा स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि वेलाला ओढून घेतो. जवळून बघा कधी, अर्धी स्प्रिंग एका दिशेने आणि मधे एक सरळ तुकडा सोडून उरलेली उलट्या दिशेने. कारण दोन्ही टोकं अडकलेली, एकाच बाजूला पीळ देत गेला तर ताणा स्वतःच पिळवटून निघेल. मी हे बघत दहा मिनिटं उभा होतो, खाली दूध उतू गेलं ते वेगळं.

तर स्टँडवर उभ्या सुतळ्या बांधल्या. वेल दोन दिवसात चढला, मी खूश. जुलैच्या पावसात सुतळी कुजली आणि एका रात्रीत सगळं धाडकन खाली. परत नायलॉन. ताणे तोवर तारेसारखे कडक झालेले, सोडवायला गेलो तर वेलच सोलवटत होता, शेवटी कात्रीने कापले आणि खोड जुन्या ओढणीच्या पट्टीने सैलसर बांधलं.

दहा-बारा पानं झाली की शेंडा खुडायचा हे मात्र वेळेवर केलं होतं. मुख्य वेलावर नर फुलंच जास्त येतात, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर. मादी ओळखायला सोपी, फुलाच्या मागे इवलंसं कारलं असतं. आमच्या ग्रिलमधे मधमाशा क्वचित फिरकतात म्हणून सकाळी लोकल पकडायच्या आधी मीच नर फूल तोडून तिला टेकवतो.

पहिलं कारलं नेमकं कपड्यांच्या दोरीवरच लागलंय. आई तेवढी वीतभर जागा सोडून टॉवेल वाळत घालते आणि ते कधी काढणार म्हणून मलाच रोज विचारते.