तिसरी की चौथी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इशाची, म्हणजे रात्रीची नमाज, पोरं झोपलेली, नवरा टूरवर, घरात टीव्हीसुद्धा बंद, म्हणजे लक्ष उडायला कसलंच कारण नव्हतं, आणि मी जानमाजवर, म्हणजे नमाजेच्या गालिच्यावर, उभी राहून विचार करतेय की ही आपली तिसरी रकात, म्हणजे नमाजेची फेरी, की चौथी. काही केल्या आठवेना. डोक्यात काय चालू होतं ते मात्र लख्ख आठवत होतं. ऑफिसातली एक्सेल शीट, तिच्यातला जीएसटीचा कॉलम दोन दिवस जुळत नव्हता, तो मला नमाजेत जुळला. खरंच जुळला! चूक कुठल्या ओळीत आहे ते सज्द्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, सापडलं.

मग नियमाप्रमाणे तीनच धरल्या, अजून एक पढली, शेवटी सज्दा-ए-सहव केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नमाजेत विसरभोळेपणा झाला की भरपाई म्हणून दोन सज्दे जास्तीचे करायचे असतात. म्हणजे माणूस नमाजेत हरवणार हे गृहीतच आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहेच, नमाज सुरू झाली की शैतान येतो आणि कानात म्हणतो अमुक आठव, तमुक आठव, एरवी आठवलं नसतं असं सगळं आठवून देतो, शेवटी माणसाला आपण किती पढलो तेच कळत नाही. नमाजेत येणाऱ्या या शैतानाला नावसुद्धा आहे, खिंजब. माझा खिंजब बी.कॉम. झालेला असावा.

त्या रात्री हसू आलं आणि मग झोप येईना. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून नमाज पढते. फर्ज (सक्तीच्या), वित्र (इशानंतरच्या) आणि ताकीद असलेल्या सुन्नती (पैगंबर नेमाने पढायचे त्या) धरल्या तर दिवसाला 32 रकाती होतात, सगळ्या काही रोज झाल्या नसतील पण तरी हिशोब करा. त्यातल्या किती मी खरोखर पढल्या आणि किती नुसत्या गुडघ्यांनी पढल्या?

आम्ही मिरजेचे. लहानपणी दादी शेजारी बसून माझी नमाज बघायची आणि संपली की एकच वाक्य, "कव्वे सरके ठोंगे नक्को मार!" मला वाटायचं ही दादीची स्वतःची म्हण. मोठी झाल्यावर कळलं की कावळा चोच मारतो तसे सज्दे करू नका हे थेट हदीसमध्ये आहे, दादीने फक्त त्याची दखनी केली होती. ती स्वतः इतकी हळू पढायची की आम्ही भावंडं पैज लावायचो, दादी सज्द्यातून कधी उठणार.

तर मन लागणं, त्याला शब्द आहे खुशू. कुराणात सूरह मोमिनूनच्या सुरुवातीलाच आहे, यशस्वी झाले ते ईमानवाले, जे आपल्या नमाजेत खुशू बाळगतात. हे सगळं पाठ होतं हो. पण खुशू आणायचा कसा हे कुणी सांगत नाही, बयानात, म्हणजे प्रवचनात, फक्त सांगतात की तुमच्यात तो नाही. मी पहिला उपाय केला तो म्हणजे जोर लावला. डोळे सज्द्याच्या जागेवर रोखायचे, दात आवळायचे आणि मनाला सांगायचं, आता हलायचं नाही. दोन रकातीत डोकं दुखायला लागायचं.

मग इमाम गझालींचं वाचलं. नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण नमाजेत मन का उडतं यावर इतकं बारीक लिहिलंय की वाटतं आपल्याच घरात येऊन बघून गेलाय. त्यांचा एक दाखला आहे. एक माणूस झाडाखाली विचार करत बसलाय आणि चिमण्या कलकलाट करतात. तो काठीने हाकलतो, चिमण्या परत येतात, परत हाकलतो, परत येतात. त्याला कुणीतरी म्हणतं, बाबा, असं जन्मभर चालेल, सुटका हवी तर झाडच तोड. झाड म्हणजे आपल्या वासना, दुनियेची ओढ. मला पटलं, पण माझ्या झाडावर पोरांची फी, सासूबाईंची शुगर आणि मार्च एंड आहे, ते कसं तोडू? गझालींनी स्वतः बगदादची नोकरी सोडली होती. मला ते जमण्यासारखं नाही, होम लोन आहे.

योगाकडे मी देवाधर्मासाठी गेले नाही हे आधीच सांगते. कंबर धरली म्हणून गेले. दिवसभर खुर्चीत बसून कंबरेची पार वाट लागलेली, डॉक्टर म्हणाले गोळ्या देतो पण व्यायाम करा, आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक साठीच्या बाई क्लास घ्यायच्या. बाई अय्यंगार पद्धतीच्या, पुण्यात दर चौथ्या सोसायटीत असतात तशा. पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या, आणि प्रचंड ओरडा. सुरुवातीला ओंकार आणि पतंजलींचा श्लोक असायचा. मी पहिल्याच दिवशी जाऊन सांगितलं, बाई, मी ते म्हणणार नाही, मुसलमान आहे. त्या म्हणाल्या, "मग गप्प बस की! पाठ ताठ ठेव म्हणजे झालं." विषय संपला.

पहिले जवळजवळ दोन आठवडे आम्ही फक्त उभे राहिलो. ताडासन. मला वाटलं हे कसलं आसन, बस स्टॉपवर पण मी अशीच उभी असते. बाई आल्या, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं वजन कुठंय तुझं?" बघितलं तर सगळं डाव्या पायावर, उजवी टाच नुसती सोबतीला. दोन्ही पोरांना वर्षानुवर्षं डाव्या कडेवर घेतल्याचा परिणाम. मग टाच, चवडा, करंगळीची बाजू, गुडघ्याची वाटी वर, खांदे मागे, आणि एवढं सगळं करताना श्वास अडवायचा नाही. पाच मिनिटं नुसतं उभं राहायला घाम फुटला.

त्या रात्री इशाला हात बांधून उभी राहिले आणि आपोआप लक्ष तळपायाकडे गेलं. दोन्ही पाय जानमाजला टेकलेत, मखमल थोडी टोचतेय, उजवी टाच खाली आहे. कियाम म्हणजे उभं राहणं, ते मी करत होते पण तिथे नव्हते, आणि त्या रात्री फातिहा, म्हणजे कुराणाची पहिली सूरह, संपेपर्यंत मी तिथे होते. फार नाही, एक मिनिटभर. पण कसलाही जोर न लावता होते, याचंच आश्चर्य वाटलं.

खरा फरक पडला तो पुढे, जोडांवर, म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाताना. बाईंची एक कायमची तक्रार असते, आसन सगळे नीट करतात पण सोडताना धपकन सोडतात. "बाहेर येणं पण आसनातच धरलंय मी, मार्क कापणार." एकदा हे ऐकता ऐकता माझी ट्यूब पेटली. रुकूतून, म्हणजे कमरेत वाकलेल्या स्थितीतून, उठून सरळ उभं राहायचं त्याला कौमा म्हणतात आणि दोन सज्द्यांच्या मधे बसायचं त्याला जलसा. माझ्या नमाजेत ह्या दोन्ही गोष्टी नव्हत्याच! रुकूतून मी अर्धवट उठायची आणि तशीच खाली जायची, उभं राहून म्हणायचं रब्बना लकल हम्द वाटेतच म्हणून व्हायचं. दोन सज्द्यांच्या मधे तर कपाळ फक्त वर उचलायचे. कावळाच तो.

आणि ती प्रसिद्ध हदीस आठवली. एक माणूस मशिदीत आला, घाईघाईने नमाज पढला, रसूलुल्लाहना (पैगंबरांना) सलाम करायला गेला तर ते म्हणाले, परत जा आणि नमाज पढ, तू नमाज पढलाच नाहीस. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला मला याहून बरी येत नाही, शिकवा. तेव्हा त्यांनी त्याला मनाबिनाचं काही सांगितलं नाही, रुकूत स्थिर हो, मग सरळ उभा राहा, मग सज्द्यात स्थिर हो, मग उठून स्थिर बस, असं सांगितलं. ही हदीस मी शंभरदा ऐकली असेल. पण त्यातलं औषध शरीराला दिलंय हे कळायला कंबर दुखावी लागली.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय कुणी? तारेखाली घोडीवर एक सुती दोरा असतो, तो केसभर इकडे नाहीतर तिकडे सरकवत बसतात, आणि एका जागी अचानक तार बोलायला लागते. कौम्यात थांबायला लागल्यावर तसंच काहीसं झालं. एक श्वास जास्त, बास. चार फर्जांना आधी माझी चार मिनिटं लागायची आता सात लागतात, आणि त्या वाढलेल्या तीन मिनिटांत एक्सेल शीट येत नाही असं नाही, पण आलेली लगेच दिसते. पूर्वी दिसायचीच नाही, मी तिच्यातच बसलेली असायचे.

इथे एक राग काढून घेते. क्लासमध्ये कळलं की मी नमाज पढते, तेव्हापासून मला आठवड्याला एक फॉरवर्ड येतो, नमाज म्हणजे योगाच आहे, रुकू म्हणजे अर्ध उत्तानासन, सज्दा म्हणजे बालासन, बैठक म्हणजे वज्रासन, त्याने पचन सुधारतं वगैरे. भावना चांगली असते, कळतं मला. पण अहो, आम्ही हनफी पंथाच्या बायका वज्रासनात बसतच नाही, दोन्ही पाय उजवीकडे काढून डाव्या कुल्ल्यावर बसतो! आणि पचनासाठी कुणी पहाटे साडेपाचला उठत नाही. नमाज मी पढते कारण ती फर्ज आहे, योगा करते कारण कंबर माझी आहे, आणि एकाने दुसऱ्याला मदत झाली म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

दुसऱ्या बाजूचा फॉरवर्डही येतो, काळजी नसावी. नणंद म्हणाली, "भाभी, ते हराम आहे म्हणे, तुम्ही कशाला जाता?" मलेशियाच्या फतवा कौन्सिलने 2008 मध्ये तसं म्हटलं होतं हे खरंय, मंत्रबिंत्र असलेल्या योगाबद्दल. आणि सौदीने 2017 मध्ये योगाला खेळ म्हणून मान्यता दिली हेही खरंय. मी नणंदेला ग्वाल्हेरची गोष्ट सांगितली. तानसेनची कबर ज्यांच्या दर्ग्याशेजारी आहे ते शेख मुहम्मद गौस, गाण्याच्या गावची म्हणून मला ते नाव तानसेनमुळे माहीत होतं. पण ह्याच बुजुर्गांनी सोळाव्या शतकात अमृतकुंड नावाच्या योगाच्या ग्रंथाचं फारसी केलं, त्याच्या एका हस्तलिखितात आसनं घातलेल्या योग्यांची चित्रं आहेत. आणि लांब कशाला, आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद, कादिरी सूफी, त्यांनी मराठीत जो ग्रंथ लिहिला त्याचं नावच योगसंग्राम. नणंद म्हणाली, "असेल, पण ते मोठे लोक होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी चहा टाकला.

ध्यानाचं वेगळंच झालं. ऑफिसातली एक मैत्रीण इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आली, चेहराच बदललेला, म्हणून मीपण फॉर्म बघितला. तिथे स्पष्ट लिहिलंय, दहा दिवस पूजा, प्रार्थना, कर्मकांड सगळं बंद ठेवायचं. सगळ्याच धर्मांना सारखाच नियम, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, पन्नास पद्धती मिसळल्या तर ते शिकवणार काय. पण नमाजेत मन लागावं म्हणून दहा दिवस नमाज सोडायची हे मला काही झेपलं नाही. फॉर्म बंद केला. मग त्या मैत्रिणीकडूनच आनापान समजून घेतलं, म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, श्वास येतो-जातो तिथे फक्त लक्ष ठेवायचं, मोजायचं नाही, बदलायचा नाही.

आणि इथे मी एक चूक केली. हुरूप आला म्हणून मी श्वास नमाजेत नेला. फातिहा पढतेय आणि लक्ष नाकाखाली. आठ दिवस एकदम शांत, थंड वाटलं, मला वाटलं जिंकले. मग एकदा लक्षात आलं की सूरह कुठली पढली ते मला सांगता येत नाहीये. म्हणजे एक्सेल शीटच्या जागी श्वास आला एवढंच, ज्याच्यासमोर उभी होते तो तर दोन्हीकडे गैरहजर. नमाज म्हणजे बोलणं आहे हो, आणि बोलताना समोरच्याऐवजी स्वतःच्या नाकाकडे बघत राहिलं तर कसं चालेल? तेव्हापासून श्वास जानमाजच्या बाहेर. वजू केली, म्हणजे हात-पाय-तोंड धुतलं, की नमाजेआधी दहा मिनिटं खुर्चीत बसते, तेवढ्यात गढूळ पाणी थोडं तळाला बसतं, मग उठून तकबीर, म्हणजे अल्लाहू अकबर, म्हणते.

आत मग श्वासाऐवजी काय, तर फातिहाचा अर्थ. एक हदीस आहे, बंदा फातिहाची एकेक आयत म्हणतो तेव्हा अल्लाह उत्तर देतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली, असं. उत्तर मिळणार असेल तर आपण थांबायला नको? मी सातही आयती एका दमात म्हणायचे, कॉल सेंटरच्या पोरीसारखं. आता एक आयत, मग थांबते, मग दुसरी. ऐकू काही येत नाही अर्थात. पण थांबलं की बोलण्याला बोलण्यासारखं वाटतं.

बाकी छोट्या गोष्टी. फोन दुसऱ्या खोलीत. भूक लागली असेल आणि ताट वाढलेलं असेल तर आधी जेवायचं, तशी परवानगी हदीसमध्येच आहे आणि मी तिचा भरपूर फायदा घेते. जानमाज बदलली. मामूंनी हजहून आणलेली होती, लाल मखमल, काबा, मिनार, कमानीत वेलबुट्टी, आणि त्या वेलीची पानं मी सज्द्याच्या जागी बघत मोजायचे, एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला बारा, कारागिराची चूक. खुद्द रसूलुल्लाहनी नक्षीची चादर नमाजेत लक्ष वेधते म्हणून परत पाठवून साधी मागवली होती, मग मी कोण. आता साधी, बिननक्षीची चादर दुमडून घेते. मामू आले की मखमल काढते.

ऑफिसात मात्र अजून बोंब आहे. जोहर, म्हणजे दुपारची नमाज, स्टेशनरीच्या खोलीत पढते, तिथे प्रिंटर, कुणी ना कुणी प्रिंट घ्यायला येतं, मी दिसले की सॉरी म्हणून पळतं, आणि माझ्या डोक्यात येतं की बिचाऱ्याची प्रिंट राहिली. तिथे ना ताडासन कामाला येतं ना गझाली.

या महिन्यात सज्दा-ए-सहव दोनदाच झाला. एकदा त्या प्रिंटरमुळे. दुसरा काल, इशालाच, चौथ्या रकातीत आठवलं की आज छोले भिजत घातले नाहीत, आणि पाठोपाठ हे पण आठवलं की ही चौथीच आहे का. सलाम फिरवून नमाज संपवली, दुआ मागितली, उठून छोले भिजत घातले आणि मग परत येऊन वित्र पढले.